हिरवी उलटी, सपाट पोट

नवजात बाळाने हिरवी उलटी केली की पहिला प्रश्न एकच: आतड्याला पीळ पडलाय का? आतडं जन्मतः बंद आहे, घट्ट चिकट शीने तुंबलंय, की आतड्याच्या भिंतीत चेतापेशीच नाहीत, हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण त्यांची उत्तरं सकाळपर्यंत थांबू शकतात. पीळ थांबत नाही. पूर्ण पीळ पडून रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत जवळजवळ सगळं लहान आतडं काळं पडतं. मग शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी बाळाला जगवायला आतडंच उरत नाही.

लहान मुलांच्या आतड्यातल्या जन्मजात अडथळ्यांची यादी लांबलचक आहे, आणि त्यातला एकेक आजार काही हजारांत एखाद्याला होणारा. पाठ्यपुस्तकात ती यादी शरीररचनेच्या क्रमाने येते: जठर, मग लहान आतड्याचे तीन भाग (ड्युओडेनम, जेजुनम, इलियम), मोठं आतडं, गुदद्वार. प्रत्यक्षात मात्र क्रम घड्याळाने ठरवावा लागतो. निदान चुकतं तेव्हा बहुधा तपासणी कोणती करायची हे ठाऊक असतं. ती उशिरा होते, किंवा मोठ्या मुलांत होतं तसं, सगळं शांत असताना होते.

आधी रंगाचं बोलू. आई-आजी 'पिवळं पाणी पडलं' म्हणतात आणि डॉक्टर 'पित्ताची उलटी' असं लिहून मोकळे होतात. चिकाचं दूध मुळात पिवळं असतं, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत पिवळसर गुळणी आली तर त्यात नवल नाही. पित्त ताजं असताना सोनेरी-पिवळं असतं, जठरातल्या आम्लात मुरलं की हिरवं होतं. म्हणून फिकट पिवळ्या उलटीवर लक्ष ठेवायचं, आणि गडद हिरवी, पालकाच्या रसाच्या रंगाची उलटी एकदाच झाली असली तरी तिची चौकशी त्याच वेळी करायची. शब्दांवर विसंबण्यापेक्षा दुपटं बघावं. दुपटं धुवायला टाकलं असेल तर निदान पुढच्या वेळचा फोटो काढून ठेवायला सांगावं, तोही खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या तांबूस दिव्याखाली हिरवा रंग तपकिरी दिसतो.

हिरवी उलटी झालेल्या बऱ्याच बाळांत शेवटी शस्त्रक्रियेची गरज निघत नाही. कुणाला जंतुसंसर्ग असतो, कुणाचं आतडं नुसतं सुस्त असतं. हे खरं असलं तरी तपासणी टाळायला ते कारण पुरत नाही. कोणत्या बाळात पीळ नाही, हे तपासल्यावरच कळतं.

पीळ पडायला जागा का मिळते, ते गर्भात पाहावं लागतं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचं आतडं पोटात मावत नाही आणि नाळेत उतरतं. दहाव्या आठवड्याच्या आसपास ते परत पोटात येतं. या जाण्यायेण्यात ते आपल्या मुख्य रोहिणीभोवती घड्याळाच्या उलट दिशेने 270 अंश फिरतं. फिरणं पूर्ण झालं की लहान आतड्याची सुरुवात पोटात वर डावीकडे आणि शेवट खाली उजवीकडे पक्का होतो. आतड्याला पाठीशी बांधणारा पडदा, म्हणजे मेसेंटरी, या दोन टोकांमध्ये तिरका आणि रुंद पसरतो. फिरणं अर्धवट राहिलं तर ही दोन टोकं शेजारी-शेजारी येतात आणि सगळं लहान आतडं एका अरुंद देठावर लोंबकळतं. साडीच्या झोळीची दोन टोकं लांब-लांब बांधली तर झोळी हलते, पण पिळत नाही. दोन्ही टोकं एकाच कडीला अडकवली की गरगर फिरते. त्याच देठातून आतड्याचं रक्त जातं. शिवाय जागा चुकलेल्या सीकमपासून, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपासून, पोटाच्या भिंतीकडे जाणारे पट्टे ड्युओडेनमवरून आडवे पडतात आणि तो दाबतात. हे पट्टे कापून, देठ रुंद करण्याची शस्त्रक्रिया बोस्टनच्या विल्यम लॅड यांनी 1936 मध्ये मांडली. आजही मुळात तीच करतात.

आता सपाट पोट. पीळ ड्युओडेनमच्या शेवटाशी बसतो, म्हणजे अडथळा अगदी वर असतो. फुगायला अडथळ्याच्या वर फक्त जठर आणि थोडासा ड्युओडेनम, आणि उलटीने तेही रिकामं होतं. त्यामुळे पोट मऊ, सपाट, कधी आत गेलेलंही. बाळ गुलाबी दिसतं, रडतं, शीसुद्धा करतं. 'पोट फुगलं नाही, शी झाली, म्हणजे अडथळा नाही' हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं आणि त्याच वाक्यात तास जातात. पोट फुगणं, पोटाच्या त्वचेवर लाली किंवा निळसरपणा, शीतून रक्त, बाळ निपचित पडणं, रक्तात आम्ल वाढणं ही लक्षणं आतडं मरायला लागल्याची आहेत. त्यांची वाट पाहून निदान केलं तर ते निदान बरोबर येतं, पण उपयोगाचं राहत नाही.

पहिल्या तासात करायच्या गोष्टी साध्या आहेत आणि त्या कुठल्याही प्रसूतिगृहात होऊ शकतात. दूध बंद. वावडिंगाचं पाणी, गुटी, काहीही नाही. नाकातून किंवा तोंडातून जठरात नळी, 8 किंवा 10 फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) मापाची. दूध पाजायची 5 किंवा 6 नंबरची नळी बारीक असते, चिकट स्राव तिच्यातून येत नाही आणि 'काही निघत नाही' असा गैरसमज होतो. जन्मल्याबरोबर नळी घातल्यावर 20 मिलीपेक्षा जास्त पाणी निघालं तर वरच्या भागातल्या अडथळ्याचा संशय तिथेच घ्यावा, विशेषतः आईचं गर्भजल जास्त होतं असं सोनोग्राफीत आलं असेल तर. शिरेतून सलाइन, बाळ सुकलेलं असेल तर किलोमागे 10 ते 20 मिली नॉर्मल सलाइन. नळीतून जेवढं निघेल तेवढं पोटॅशियम घातलेल्या सलाइनने मिलीला मिली भरून द्यायचं. रक्तातली साखर, शरीराचं तापमान, व्हिटॅमिन के. जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं का, हे रेफरलच्या कागदावर लिहिलेलं असावं, कारण पुढे सर्जनला ते विचारायला वेळ नसतो.

प्रवासात एक चूक वारंवार होते. नळी घातलेली असते, पण तिचं तोंड टोपण लावून बंद केलेलं असतं, अंगावर सांडू नये म्हणून. बंद नळी म्हणजे नळी नसल्यासारखंच. ती उघडी, खाली लोंबती, पिशवीत सोडलेली हवी आणि वाटेत अधूनमधून सिरिंजने ओढून पाहायला हवी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी अर्भकाला सरकारी रुग्णालयात नेण्याची व्यवस्था मोफत आहे. गाडी सुटायच्या आधी पुढच्या रुग्णालयातल्या बालशल्यचिकित्सकाशी फोनवर बोलणं व्हायला हवं, नाहीतर बाळ अशा दारात पोचतं जिथे बाळावर ऑपरेशन करणारं कुणी नाही, आणि दुसऱ्यांदा गाडी शोधावी लागते.

एक्स-रे. जन्मल्यावर काही मिनिटांत हवा जठरात जाते, आणि साधारण 24 तासांत गुदाशयापर्यंत पोचते. फिल्ममध्ये आतडं उठून दिसावं म्हणून जे द्रव्य देतात त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. हवा हा फुकटचा कॉन्ट्रास्ट आहे, पण तो वेळेनुसार वाचावा लागतो. सहा तासांच्या बाळात खाली हवा नसणं आणि तीस तासांच्या बाळात नसणं यात फार फरक आहे. दोन मोठे फुगे, जठर आणि ड्युओडेनम, आणि त्याखाली काहीच नाही, असा 'डबल बबल' दिसला तर ड्युओडेनम पूर्ण बंद आहे. अशा बाळांपैकी साधारण एक तृतीयांश बाळांना डाउन सिंड्रोम असतो, आणि त्यात हृदयाचे दोषही आढळतात, म्हणून हृदयाची इको शस्त्रक्रियेआधी करून घेतात. इथे घाई नाही, एक-दोन दिवस सलाइनवर आरामात निघतात. गंमत अशी, की नळीने जठर नीट रिकामं केलेलं असेल तर डबल बबल दिसतच नाही. अशा वेळी नळीतून 30-40 मिली हवा सोडून दुसरी फिल्म काढायची. वेगळं कॉन्ट्रास्ट लागत नाही.

डबल बबल आहे, पण खाली थोडीफार हवा आहे, ही फिल्म मात्र शांत बसू देणारी नाही. ड्युओडेनममध्ये भोक असलेला पडदा असू शकतो, आणि पीळही असू शकतो. पीळ असलेल्या बाळाचा एक्स-रे अगदी नॉर्मलही येतो. साध्या फिल्मवरून पीळ नाही, असं म्हणताच येत नाही. तान्ह्या बाळाच्या फिल्ममध्ये फुगलेलं आतडं लहान की मोठं हेही खात्रीने सांगता येत नाही, कारण मोठ्या आतड्याच्या ओळखीच्या खुणा त्या वयात उमटत नाहीत. तरी रिपोर्टांत ते खुशाल लिहिलेलं असतं.

पिळाचं उत्तर अपर जीआय, म्हणजे वरून कॉन्ट्रास्ट देऊन करायच्या एक्स-रे तपासणीतून मिळतं, आणि ती अगदी थोड्या सेकंदांची असते. बाळ सरळ उताणं, एका कुशीवर जराही न झुकलेलं. नळीतून थोडंच कॉन्ट्रास्ट. पहिला घोट ड्युओडेनममधून जाताना जे चित्र मिळतं, तेच खरं. लहान आतडं जिथे सुरू होतं ते वळण, ज्याला सगळे डीजे म्हणतात, ते मणक्याच्या डाव्या कडेच्या पलीकडे आणि जठराच्या खालच्या दाराच्या उंचीवर असायला हवं. बाजूने पाहताना ड्युओडेनम पाठीला चिकटून मागे जायला हवा. डीजे मध्यावर किंवा उजवीकडे, खाली उतरलेलं असेल तर फिरणं अपुरं आहे. कॉन्ट्रास्ट मळसूत्रासारखं गिरक्या घेत खाली गेलं, किंवा चोचीसारखं निमुळतं होऊन थांबलं, तर पीळ. जठर आधीच कॉन्ट्रास्टने गच्च भरलं की डीजे त्यामागे झाकलं जातं, आणि पहिला घोट निसटला की जेजुनमच्या वेटोळ्या त्यावर चढतात. मग तासभर फिल्म काढल्या तरी उत्तर 'अनिश्चित'. फुगलेलं आतडं किंवा कडक नळी तान्ह्या बाळाचं डीजे ढकलून खोटं चित्रही देते. सीकम कुठे आहे हे पाहून शंका फिटेलच असं नाही. फिरणं अपुरं असूनही सीकम जागेवर असणारी मुलं आहेत, आणि निरोगी तान्ह्यांत ते बऱ्याचदा थोडं वर असतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता हे सगळं जुळवणं कठीण. सोनोग्राफी मात्र बहुतेक ठिकाणी होते. तिच्यात मुख्य रोहिणीच्या उजवीकडे नीला असायला हवी. ती पुढे किंवा डावीकडे असेल तर संशय. कलर डॉपलरवर नीला आणि आतडं रोहिणीभोवती गोल गुंडाळलेलं दिसलं, ज्याला व्हर्लपूल म्हणतात, तर पीळ नक्की धरावा आणि पुढच्या तपासणीत वेळ घालवू नये. व्हर्लपूल दिसलं नाही, रक्तवाहिन्या जागच्या जागी आहेत, म्हणून पीळ नाही असं मात्र नाही. सोनोग्राफीचं 'आहे' मानायचं, 'नाही' मानायचं नाही, जोवर ती करणारा माणूस लहान मुलांत रोज हेच पाहणारा नसेल. आणि बाळ खंगत चाललंय, पोट फुगून लाल झालंय, शीतून रक्त आहे, तर कुठलीच तपासणी नको. थेट ऑपरेशन थिएटर.

लहान आतडं मधेच बंद असणं, म्हणजे अट्रेसिया, याची गोष्ट वेगळी. पूर्वी समज होता की गर्भातलं भरीव आतडं पोकळ व्हायचं राहून जातं. ड्युओडेनमपुरतं ते आजही मानतात. पण 1955 मध्ये केपटाऊनला लू आणि बर्नार्ड या दोघांनी गाभण कुत्रीच्या पोटातल्या पिल्लांच्या आतड्याच्या रक्तवाहिन्या बांधल्या आणि पिल्लं जन्मली ती आतड्यात अशीच तुटलेली जागा घेऊन. म्हणजे आतडं आधी बनतं आणि मग गर्भातच रक्तपुरवठा खंडित होऊन तेवढा भाग नाहीसा होतो. यातले बर्नार्ड तेच, ज्यांनी 1967 मध्ये माणसाचं पहिलं हृदयरोपण केलं.

या प्रयोगातून निदानाला लागणारी एक गोष्ट निघते. आतडं तुटण्याआधी बनलेली काळी शी पुढच्या भागात गेलेली असू शकते. त्यामुळे आतडं पूर्ण बंद असलेलं बाळही थोडी काळी शी करतं. केसपेपरवर 'मेकोनियम (काळी शी) पास' लिहिलंय म्हणून अडथळा नाही, असं होत नाही. दुसरं, रक्तपुरवठा एकाच जागी तुटेल असं नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी खालच्या आतड्यात सलाइन भरून ते शेवटपर्यंत जातंय का हे पाहतात. नाहीतर वरचा जोड उत्तम होतो आणि खाली आणखी एक बंद जागा तशीच राहते.

केसपेपरवरच्या त्या दोन शब्दांबद्दल अजून एक. शी कुठून झाली? गुदद्वार डोळ्यांनी, उजेडात, मांड्या फाकवून पाहिलेलं असावं. मुलीत ते नसून योनीच्या दाराशी बारीक भोक असतं, आणि तिथून आलेली शी दुपट्यावर अगदी नेहमीसारखीच दिसते. मुलात लघवीतून हिरवट कण येतात. जन्मानंतरच्या पहिल्या अंघोळीत सुईणीच्या किंवा नर्सच्या नजरेला हे पडलं नाही, तर चौथ्या-पाचव्या दिवशी फुगलेल्या पोटाने बाळ येतं. ही सगळ्यात स्वस्त तपासणी सगळ्यात जास्त राहून जाते, असं माझं मत आहे.

अडथळा खाली असेल तर चित्र उलटं: पोट टम्म, उलटी उशिरा. इथे वरून कॉन्ट्रास्ट देऊन काही मिळत नाही. खालून, म्हणजे एनिमाने, पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट देऊन मोठं आतडं पाहायचं. ते दोरीसारखं बारीक, कधी न वापरलेलं दिसलं तर अडथळा लहान आतड्याच्या शेवटी आहे: अट्रेसिया, नाहीतर मेकोनियम इलियस. मेकोनियम इलियसमध्ये काळी शी चिकणमातीइतकी घट्ट होऊन इलियममध्ये अडकते. एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली साबणाच्या फेसासारखं दिसतं, आणि आतडं फुगूनही हवा-पाण्याच्या पातळ्या फारशा दिसत नाहीत, कारण पाणी असं उरलेलंच नसतं. गॅस्ट्रोग्राफिन या कॉन्ट्रास्टचा एनिमा देऊन ती शी सोडवता येते, हे 1969 मध्ये हेलन नॉब्लेट यांनी दाखवलं. ते द्रव्य आजूबाजूच्या ऊतींतून पाणी ओढतं, म्हणूनच शी सुटते. आणि म्हणूनच एनिमा देताना हाताला चालू सलाइन नसेल तर बाळ अर्ध्या तासात कोसळतं.

मेकोनियम इलियसमागे बहुधा सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे शरीरातले स्राव घट्ट करणारा जन्मजात आजार, असतो. आपल्याकडे हा आजार नाहीच असं धरून चालण्याची सवय आहे, त्यामुळे आतडं सुटलं, बाळ घरी गेलं, आणि दोन वर्षांनी न सुटणाऱ्या खोकल्याचं निदान पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. घामातल्या क्लोराइडची तपासणी बाळ दोनेक आठवड्यांचं आणि दोन किलोंच्या वर झालं की करावी. 60 मिलिमोल प्रतिलिटर किंवा त्याहून जास्त आलं तर निदान जवळजवळ पक्कं. जनुकीय तपासणी करायची तर युरोपीय रुग्णांवरून बेतलेल्या मोजक्या दोषांच्या पॅनेलवर थांबू नये. भारतीय मुलांतले बरेच दोष त्या पॅनेलमध्ये नसतात.

हर्षस्प्रुंग रोगात, म्हणजे आतड्याच्या भिंतीत चेतापेशी नसण्यात, गोंधळ अनेक वर्षं टिकला. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्षस्प्रुंग यांनी 1886 मध्ये बर्लिनला दोन बाळांची हकीकत सांगितली, प्रचंड फुगलेलं मोठं आतडं असलेल्या. त्यानंतर सर्जन तो फुगलेला भाग काढत राहिले आणि मुलं बरी होईनात. फुगलेला भाग निरोगी असतो. त्याच्या खालचा, दिसायला ठीकठाक भाग चेतापेशींविना असतो आणि सैल पडत नाही. तो भाग काढायला हवा, हे 1948 मध्ये स्वेन्सन यांनी करून दाखवलं. साधारण 5000 जन्मांत एक, आणि मुलांत मुलींच्या चौपट.

दिवस भरलेल्या निरोगी बाळांपैकी बहुतेक सगळी पहिल्या 24 तासांत काळी शी करतात. 48 तास उलटले तर चौकशी हवीच. इथे एनिमा तपासणीचं तंत्र निदान ठरवतं. आदल्या दिवशी गुदाशय धुतला किंवा बोट घालून तपासलं, तर अरुंद भाग तात्पुरता रुंदावतो आणि फरक पुसला जातो. फुगा असलेला कॅथेटर वापरून फुगा फुगवला, तर नेमका तोच आखूड रोगट भाग फुग्याखाली झाकला जातो. नळीचं टोक गुदद्वाराच्या जेमतेम आत, कॉन्ट्रास्ट हळू, पहिली फिल्म बाजूने. निरोगी बाळाचा गुदाशय त्याच्या लगेच वरच्या सिग्मॉइड या भागापेक्षा रुंद असतो. उलटं असेल तर संशय. आणि 24 तासांनी आणखी एक फिल्म, कॉन्ट्रास्ट अजून आतच आहे का हे पाहायला. ही फिल्म काढायची राहून जाते, कारण तोवर बाळ वॉर्डात परतलेलं असतं आणि मागणीचा कागद एक्स-रे विभागात. पहिल्या आठवड्यांत आतडं अजून फुगलेलं नसतं, त्यामुळे तपासणी साफ येऊनही रोग असतो. बाळाला ताप, फुगलेलं पोट, घाण वासाचे जोरदार जुलाब असतील, तर एनिमा तपासणी करायचीच नाही. तो आतड्याचा दाह असतो, आणि आतडं फुटू शकतं.

शेवटचा शब्द बायॉप्सीचा. गुदाशयातून, गुदद्वाराच्या जरा आत असलेल्या डेंटेट रेषेच्या 2 ते 3 सेंटिमीटर वरून तुकडा. त्याहून खाली घेतला तर निरोगी बाळातही चेतापेशी विरळ असतात आणि नसलेला रोग निघतो. तुकड्यात श्लेष्मल आवरणाखालचा थर आलेला असावा. नुसतं वरचं आवरण आलं तर पॅथॉलॉजिस्ट 'पेशी दिसल्या नाहीत' असं लिहील, आणि ते वाक्य घाईत वाचलं की 'पेशी नाहीत' असं होतं. या दोन वाक्यांमध्ये एक कोलोस्टोमी, म्हणजे शीसाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, असते. कॅलरेटिनिन नावाचं रंजन आता बऱ्याच प्रयोगशाळांत होतं आणि बारीक तुकड्यातही मदत करतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात पेशी अपक्व, ओळखायला कठीण असतात. तिथे थोडं थांबून पुन्हा तुकडा घेणं शहाणपणाचं.

मधुमेही आईच्या बाळाचं डावं मोठं आतडं काही दिवस बारीक आणि सुस्त असू शकतं, आणि ते आपोआप सुधारतं. उलट, आतडं बारीक, अडथळा कुठेच सापडत नाही, आणि मूत्राशय मात्र बेंबीपर्यंत फुगलेलं, बहुधा मुलगी, असं असेल तर 1976 मध्ये बर्डन यांनी वर्णन केलेला आतड्याच्या स्नायूचाच दोष मनात आणावा. पोट उघडून त्यात काही मिळत नाही. म्हणून लघवीची पिशवी सोनोग्राफीत पाहिली का, हा प्रश्न आतड्याच्या आजारातही विचारायचा.

खरी परीक्षा मोठ्या मुलांत असते. सहा-सात वर्षांचं मूल, दोन-तीन महिन्यांनी एकदा पोटात कळ, उलट्या, त्यातल्या शेवटच्या हिरव्या, एक-दोन दिवस सलाइन आणि मग एकदम ठणठणीत. पहिल्यांदा जंताचं औषध दिलं जातं, दुसऱ्यांदा आम्लपित्ताचं. तिसऱ्यांदा सोनोग्राफीत मेसेंटरीतल्या गाठी थोड्या मोठ्या दिसतात, ज्या त्या वयात कित्येक निरोगी मुलांत दिसतात, आणि पोटाच्या टीबीचा कोर्स पुराव्याशिवाय सुरू होतो. टीबी आपल्याकडे खरोखर आहे, जंतही आहेत, त्यामुळे अंदाज अगदीच हवेतला नसतो. पण पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण नाही, जांघेत हर्निया नाही, आणि तरी आतडं अडतंय, तर जन्मजात कारण यादीत वर घ्यायला हवं. शाळेचा ताण म्हणून चक्री उलट्यांचा शिक्का मारण्याआधी एकदा तरी अपर जीआय व्हावी; फिरण्यातली चूक घेऊन दहा-पंधरा वर्षं निभावलेली मुलं असतात.

ड्युओडेनममधला भोक असलेला पडदा असाच उशिरा बोलतो. दूध त्या भोकातून जातं, पोळीभाजी सुरू झाली की अडतं. काल खाल्लेलं आज उलटीत येतं. गिळलेलं नाणं किंवा फळाची बी दिवसेंदिवस पोटाच्या उजव्या वरच्या भागात एकाच जागी एक्स-रेमध्ये दिसते. नाणं खाली सरकत नाही म्हणून नाण्याला दोष न देता वाट तपासावी. वर्षानुवर्षांच्या दाबाने हा पडदा पुढे ताणून पिशवीसारखा लोंबतो. त्यामुळे आतडं बाहेरून जिथे बारीक होताना दिसतं त्याच्या बरंच वर पडद्याचं मूळ असतं. सर्जनने बाहेरचं पाहून कापलं तर आत काहीच सापडत नाही. म्हणून वरून जठरातून नळी घालून हलकेच दाबतात. आतड्याच्या भिंतीवर जिथे खळगी पडते, तिथे मूळ. पित्ताची नलिका बहुधा याच पडद्याच्या आतल्या कडेला उघडते, त्यामुळे ती बाजू कापायची नाही.

मेकेलच्या पिशवीपासून (लहान आतड्याला जन्मतः राहिलेल्या छोट्या पिशवीपासून) बेंबीला जाणारा दोर, ड्युओडेनमच्या बाजूच्या खोबणीत आतडं शिरणं, मेसेंटरीतल्या भोकातून आतडं पलीकडे जाणं, या तिन्हींची अडचण एकच: हल्ला संपला की पोट नॉर्मल. आतडं बाहेर सरकतं आणि सीटी स्वच्छ येतो. मेकेलसाठी करतात तो टेक्निशियम स्कॅन पिशवीत जठराचं अस्तर असेल तरच उजळतो. नुसता दोर त्यात कधीच दिसणार नाही. म्हणून पालकांच्या हातात लेखी कागद द्यावा: पुढच्या वेळी कळ आणि हिरवी उलटी सुरू झाली की घरी सोसत बसू नका, त्याच तासात या, आणि त्याच वेळी कॉन्ट्रास्टसह सीटी. कळ असताना काढलेल्या सीटीत डावीकडे जठर आणि स्वादुपिंडाच्या मध्ये आतड्याच्या वेटोळ्यांचा एक गठ्ठा पिशवीत बांधल्यासारखा दिसला, आणि त्याच्या पुढच्या कडेवर इन्फिरिअर मेसेंटेरिक नीला ताणलेली दिसली, तर डावा पॅराड्युओडेनल हर्निया. दोर मात्र सीटीतही स्वतः दिसत नाही; फुगलेलं आतडं एका जागी अचानक बारीक होताना दिसतं, इतकंच. मेसेंटरीतल्या भोकाला पिशवीही नसते, आणि तिथे आतडं फार लवकर काळं पडतं. वाढीचा तक्ता पाहिलात तर अशा मुलांचं वजन कित्येकदा वर्षभर जागचं हललेलं नसतं, आणि 'हल्ल्यांच्या मधे ठणठणीत' हा आपलाच समज असतो.

तपासण्या निरुत्तर राहिल्या आणि गोष्ट पटण्यासारखी असली, तर लॅप्रोस्कोपी. आत काय पाहायचं याचा क्रम ठरलेला असावा. आधी बेंबीची आतली बाजू. मग सीकमशी, जिथे आतडं बारीक आणि हाताळायला सोपं असतं, तिथून सुरुवात करून वेटोळं-वेटोळं मागे डीजेपर्यंत. फुगलेल्या टोकाकडून सुरुवात केली तर भिंत फाटते. वाटेत मेसेंटरीची दोन्ही अंगं, भोकांसाठी. शेवटी डीजे कुठे आहे आणि देठ किती रुंद आहे. फिरण्यातली चूक सापडली तर पीळ घड्याळाच्या उलट दिशेने सोडवून, पट्टे कापून, लहान आतडं उजवीकडे आणि मोठं डावीकडे ठेवतात आणि अपेंडिक्स काढून टाकतात. अपेंडिक्स काढलं की ठेवलं हे डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहिलेलं हवं, कारण ठेवलं असेल तर पुढे कधी ते सुजल्यावर दुखेल पोटाच्या डाव्या बाजूला. त्याच कार्डावर दुसरी ओळ: या मुलाला पुन्हा कधीही हिरवी उलटी झाली, तर त्याच दिवशी बालशल्यचिकित्सकाला दाखवणे.